आमच्या कॅम्पचं बाथरूम: दुबईतली सगळ्यात धोकादायक जागा

दुबईत सगळ्यात धोक्याची जागा कुठली, असं कुणी विचारलं तर लोक शेख झायेद रोड सांगतील. नाहीतर मरीनातल्या एखाद्या टॉवरचं स्कॅफोल्डिंग. दोन्ही चूक. कागदोपत्री बघायला गेलं तर सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे लेबर कॅम्पचं बाथरूम. तिथं माणसाच्या पायात तीन इंची खिळा घुसतो. तिथं बोटांवर सळईचं बंडल पडतं. तिथं डोळ्यात ग्राइंडरची ठिणगी जाते. आमच्या ओळखीतला एक शटरिंग कारपेंटर तर त्या बाथरूममध्ये चार मीटर उंचीवरून पडला. बाथरूमचं छत अडीच मीटरवर आहे, पण ते सोडा. क्लिनिकच्या कागदावर इंग्रजीत तसं लिहिलंय, 'स्लिप्ड इन बाथरूम', म्हणजे ते खरंच असणार.

मी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका साईटवर सुपरवायझर आहे. नांदेडच्या पॉलिटेक्निकात सिव्हिलचा डिप्लोमा केला, इथं येऊन अकरा वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहिणार नाही, क्लिनिकचंही नाही. एक तर इथला सायबर कायदा कडक आहे. दुसरं म्हणजे हे एका कंपनीचं गाऱ्हाणं नाहीच. सोनापूरला जा, अल कूझला जा, जबल अलीला जा, शारजाच्या सज्जाला जा. बाथरूम सगळीकडं सारखंच घसरडं आहे.

टोकन नंबर 74

आधी क्लिनिक कसं असतं ते बघू. तुम्हाला माहितीच आहे, तरी एकदा हिशेब मांडू.

साईटवरून बस सुटते साडेसहाला. ट्रॅफिकमधून कॅम्पवर यायला आठ. मग अंघोळीची लाईन, मग गॅसची लाईन, मग जेवण. क्लिनिकच्या दारात माणूस पोचतो नऊ वाजता. तिथं तिसरी लाईन. अख्ख्या कॅम्पला तेव्हाच वेळ असतो, कारण दिवसा गेलं तर ॲबसेंट पडते. शनिवारी रात्री तर विचारूच नका, कारण रविवारची सुट्टी आणि आठवडाभर दाबून ठेवलेली सगळी दुखणी त्याच रात्री बाहेर येतात. बाहेर प्लास्टिकच्या बारा खुर्च्या, बाकीचे भिंतीला टेकून, काहीजण फुटपाथवर उकिडवे. जून ते सप्टेंबर तर उन्हाळ्याचा सीझन. पायात गोळे येणारे, उलट्या होणारे, मुतखड्यानं वाकडे झालेले. दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम 15 जून ते 15 सप्टेंबर असतो. त्या अडीच तासांच्या आधीचं आणि नंतरचं ऊन मात्र तितकंच गरम असतं.

आत एक डॉक्टर. नऊ ते अकरा, दोन तास, म्हणजे 120 मिनिटं. टोकन गेलेले असतात ऐंशी. डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरचं गणित आहे: माणशी दीड मिनिट. त्यातलं अर्धं मिनिट एमिरेट्स आयडी मशीनमध्ये घालायला आणि विम्याचं अप्रूव्हल बघायला. उरलं एक मिनिट. एका मिनिटात ब्रह्मदेवालाही कळणार नाही की छातीतली कळ ॲसिडिटीची आहे की हार्टची. म्हणून देवानं पॅनाडॉल बनवली.

पॅनाडॉलचा मी मोठा भक्त आहे. डोकं दुखतं, पॅनाडॉल. कंबर दुखते, पॅनाडॉल आणि मलमाची ट्यूब. पोट दुखतं, पॅनाडॉल, आणि 'पानी ज्यादा पीओ'. झोप येत नाही, गावाकडं बापाचं ऑपरेशन आहे, रूमवर बारा माणसं घोरतात, तरी पॅनाडॉल. एवढ्या रोगांवर चालणारं औषध आपल्या आयुर्वेदातही सापडणार नाही. आणि शेवटी डॉक्टरचं ते वाक्य: 'कल ड्यूटी जा सकते हो.'

त्या डॉक्टरवर माझा राग नाही. तो बिचारा केरळचा नाहीतर पाकिस्तानचा, तोही पगारी माणूस. त्याला ऐंशी माणसं दिली तर तो ऐंशी चिठ्ठ्याच लिहिणार. मला विचारायचंय ते हे, की ऐंशी माणसांना एकच डॉक्टर हे कुणी ठरवलं? आणि या गर्दीचा फायदा कुणाला होतो?

'कैसे लगा?'

फायदा होतो, तोच सांगतो.

त्या एका मिनिटात डॉक्टर एक प्रश्न विचारतो, 'कैसे लगा?' हा अख्ख्या उपचारातला सगळ्यात महागडा प्रश्न आहे. औषध महाग नाही, एक्स-रे महाग नाही, हा प्रश्न महाग आहे. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा पेशंट देतच नाही. शेजारी कॅम्प बॉस उभा असतो, नाहीतर ऑफिसनं पाठवलेला कुणी टाय घातलेला. तो म्हणतो, 'रूम पे गिर गया, डॉक्टर साब. बाथरूम में.' बाहेर अजून सत्तर माणसं उभी असताना डॉक्टर काय उलटतपासणी घेणार? तो लिहून टाकतो. आपला माणूस मान हलवतो, कारण गाडीत बसतानाच त्याला सांगितलेलं असतं, 'साईटपे लगा बोलेगा तो पुलिस आयेगा, केस होगा, तेरा वीजा का प्रॉब्लेम होगा.'

हे सगळं कशासाठी? साईटच्या गेटवरचा बोर्ड बघा. हिरव्या रंगात लिहिलेलं असतं, इतके लाख सुरक्षित तास, कामावर लागून सुट्टी पडलेली माणसं शून्य. दहा लाख तास झाले की केक कापतात. टोपी मिळते, बिर्याणी मिळते, साहेबांचा फोटो लिंक्डइनवर जातो. पुढच्या टेंडरच्या फाईलीत तो शून्य लावतात. त्या शून्यावर कंपनीचं पोट आहे, म्हणून शून्य हलता कामा नये. पाय मोडला तरी चालेल.

आता दिरहममध्ये बोलू, कारण दिरहमसाठीच आपण घरदार सोडून आलो.

इथला कामगार कायदा म्हणजे 2021 चा 33 नंबरचा फेडरल कायदा, 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू. त्यात आजारपणाची रजा वर्षाला जास्तीत जास्त 90 दिवस: पहिले 15 दिवस पूर्ण पगार, पुढचे 30 दिवस अर्धा, उरलेले 45 दिवस काहीच नाही. प्रोबेशनमध्ये असाल तर तेवढंही नाही. पण कामावर लागलं असेल तर हिशेब वेगळा. उपचाराचा सगळा खर्च मालकाचा. बरे होईपर्यंत सहा महिने पूर्ण पगार. त्यानंतरही बरे झाला नाहीत तर आणखी सहा महिने अर्धा पगार.

समजा एका हेल्परचा पगार 1,200 दिरहम. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने घरी. 'बाथरूममध्ये पडला' असेल तर पहिल्या 15 दिवसांचे 600, पुढच्या 30 दिवसांचे 600, नंतर शून्य. एकूण 1,200. 'साईटवर पडला' असेल तर तीन महिन्यांचे 3,600. फरक 2,400 दिरहमचा, म्हणजे आपले पन्नास हजार रुपयांच्या वर. एका शब्दाची किंमत. त्या शब्दापायी गावाकडं कुणाची तरी शाळेची फी थांबते, कुणाचं तरी सोनं पुन्हा बँकेत गहाण पडतं.

आणि हात-पाय कायमचा गेला तर भरपाई टक्केवारीनं मिळते. माणूसच गेला तर घरच्यांना 24 महिन्यांचा मूळ पगार, कमीत कमी 18,000 आणि जास्तीत जास्त 2,00,000 दिरहम. पण ते कामावर गेला तर. बाथरूममध्ये मेलेल्या माणसाच्या बायकोला मिळते ती पेटी, आणि विमानाचं कार्गो.

गावाकडचं बघून आलोय, म्हणून बोलतो

आता काहीजण म्हणतील, 'अरे भाऊ, इथं निदान एसी तरी आहे, कार्ड तरी आहे. आपल्याकडं काय आहे?' हे मी रोज ऐकतो. सुट्टीवर जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो की दुबईचं हॉस्पिटल म्हणजे हॉटेल आणि आपलं सरकारी म्हणजे नरक.

मी नांदेडचा आहे. मला कुणी सांगायची गरज नाही. 2023 च्या सप्टेंबर संपता संपता आमच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 माणसं गेली, त्यात 12 नवजात बाळं. 48 तासांत आकडा 31 वर गेला. क्षमता 500 खाटांची आणि पेशंट त्याच्या दुपटीच्या वर, असं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळव्याला महापालिकेच्या रुग्णालयात एका दिवसात 18 गेले होते.

तेव्हा कारण काय सांगितलं, आठवतंय? पेशंट लांबून आले होते, खासगीवाल्यांनी शेवटच्या घटकेला पाठवले होते, बाळांचं वजन कमी होतं. म्हणजे चूक कुणाची? पेशंटची. तो उशिरा आला. बाळाची चूक, ते हलकं जन्मलं. हेही एक बाथरूमच झालं की! नांदेडचं बाथरूम.

मग 3 ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले. 31 जीव गेलेल्या इमारतीत त्यांना काय दिसलं? संडास घाण दिसला. त्यांनी प्रभारी डीनच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यासमोर संडास साफ करायला लावला. त्यावरून ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. लोकांनी व्हिडिओ फॉरवर्ड केला, आमच्या कॅम्पातही फिरला, टाळ्या पडल्या. औषधं का नव्हती, खाटा का वाढल्या नाहीत, डॉक्टर-नर्सच्या रिकाम्या जागा का भरल्या नाहीत, हे प्रश्न त्या झाडूखाली झाकले गेले. औषधखरेदी हाफकिनकडून काढून नव्या प्राधिकरणाकडं द्यायचा कायदा त्याच वर्षी झाला होता. कायदा झाला आणि गोळी वॉर्डात पोचली नाही. शेवटी मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

मी बांधकामातला माणूस, मला हे स्लॅबच्या भाषेत कळतं. स्लॅबचं डिझाईन एका ठराविक वजनाला केलेलं असतं. त्यावर दुप्पट माल टाकला आणि स्लॅब कोसळला, तर इंजिनिअर पोलिसांना असं सांगू शकत नाही की 'सिमेंटच्या गोण्या उशिरा आल्या आणि फार जड होत्या.' त्याला आत टाकतील. पण दवाखान्यावर दुप्पट माणसं टाकली आणि माणसं मेली, की त्याला 'प्रचंड ताण' म्हणतात आणि स्टाफच्या सेवाभावाचं कौतुक करतात.

तर मग इथलं आणि तिथलं, फरक किती? तिकडं एका खाटेवर दोन पेशंट, इकडं एका खाटेसमोर ऐंशी टोकन. तिकडं महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे, मर्यादा दीड लाखावरून पाच लाख केली, पण कार्ड हातात आणि खाट कुठं ते विचारू नका. इकडंही विम्याचं कार्ड आहे, पण चकचकीत हॉस्पिटलच्या काउंटरवर ते दाखवलं की ती बाई गोड हसून सांगते, 'सॉरी, नॉट इन नेटवर्क.' तिथली फरशी छान असते एवढं खरं. मी फरशीवाल्यांचं काम चेक करतो, मला कळतं.

दोन्हीकडं गर्दी एकच काम करते. गर्दी असली की कुणी नीट विचारत नाही, नीट विचारलं नाही की कागदावर काहीही लिहिता येतं, आणि कागदावर शेवटी दोषी ठरतो तो पेशंटच. उशिरा आला. घसरला. लक्ष नव्हतं. हेल्मेट घातलं नव्हतं.

कायदा वाईट नाही, कायदा लाजाळू आहे

इथला कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. दुबईत 2013 चा 11 नंबरचा आरोग्य विम्याचा कायदा आहे. विमा मालकानं काढायचा, हप्ता मालकानं भरायचा, पगारातून कापायचा नाही. विमा नसेल तर मालकाला माणशी महिन्याला 500 दिरहम दंड. 4,000 दिरहम किंवा त्याहून कमी पगारवाल्यांसाठी जो बेसिक प्लॅन आहे त्यात वर्षाला दीड लाख दिरहमपर्यंतचे उपचार बसतात. शारजा, अजमान, रास अल खैमा, उम्म अल कुवैन, फुजैरा इथंही 1 जानेवारी 2025 पासून विमा सक्तीचा झालाय, तिथला बेसिक प्लॅन वर्षाला 320 दिरहमपासून सुरू होतो. अबू धाबीत तर आधीपासून आहे.

कागदावर हे आपल्या महाराष्ट्रापेक्षा चांगलं आहे. पण हा कायदा लाजाळू आहे. स्वतःहून कॅम्पात येत नाही, हाक मारावी लागते. आणि हाक मारायची आपल्याला भीती. ती भीती काही अंशी खोटी आहे, काही अंशी खरी आहे. तक्रार करणाऱ्याचं ओव्हरटाईम बंद होतं, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना नाव गळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरीही सांगतो: पाय मोडलेल्या माणसाला कंपनी तशीही परत पाठवते. खोटं बोलून नोकरी वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. परत जायचंच असेल तर पैसे घेऊन जा की!

माझ्यासारख्या सुपरवायझर-फोरमन लोकांनाही दोन शब्द. हेल्परला गाडीत घालताना 'बाथरूम बोल' हे सांगणारा साहेब नसतो, साहेब एसीत असतो. सांगणारे आपलेच असतात, बऱ्याचदा मराठीतून. 'भाऊ, कशाला लफड्यात पडतो?' असं प्रेमानं सांगतात. तुम्ही सांगितलेल्या त्या एका वाक्यासाठी कंपनी तुम्हाला काय देते? एक टोपी आणि बिर्याणी. आणि उद्या तुम्ही पडलात तर तुमच्यासाठीही तेच बाथरूम तयार आहे, सुपरवायझरांसाठी वेगळं नाही.

काउंटरवर काय बोलायचं

म्हणून आता हे पाठ करा. रूममध्ये सगळ्यांना करायला लावा.

एक. 'कैसे लगा?' विचारलं की उत्तर स्वतः द्या, आणि पूर्ण द्या: 'साईटपे काम करते वक्त लगा.' तारीख, वेळ, जागा सांगा. कंपनीच्या बसमध्ये कामावर येता-जाता अपघात झाला असेल तर तोही कायद्यानं कामावरचाच अपघात आहे, तेही सांगा.

दोन. डॉक्टरनं काय लिहिलं ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर फोटो काढा आणि ज्याला येतं त्याला दाखवा. रिपोर्टची कॉपी मागणं हा पेशंटचा हक्क आहे. 'बाथरूम' शब्द दिसला तर तिथंच थांबा आणि दुरुस्त करून मागा. मागचा सत्तर नंबरवाला ओरडेल, ओरडू द्या. उद्या त्याचीही पाळी येणार आहे.

तीन. ज्यांनी पाहिलं त्या दोघातिघांचे नंबर घ्या. जखमेचा, जागेचा फोटो ठेवा. पण फेसबुकवर टाकू नका, कंपनीचं नाव घेऊन ग्रुपवर शिव्या देऊ नका. इथं त्यानं आपणच अडकतो. फोटो तक्रारीसाठी असतो, लाईकसाठी नाही.

चार. जिवावरचं काही असेल, छातीत कळ, उंचावरून पडणं, उन्हानं बेशुद्ध होणं, तर कॅम्प बॉसच्या परवानगीची वाट बघू नका. 998 ला ॲम्ब्युलन्स. इमर्जन्सीत नेटवर्क बघायचं नसतं.

पाच. कामगार मंत्रालयाचा नंबर 600590000, तक्रारीला फी लागत नाही, हिंदीत बोलता येतं. आपल्या कॉन्सुलेटचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र 80046342. सिलिकॉन ओएसिस हा फ्री झोन आहे, म्हणून आधी आपल्या व्हिसावर बघा कंपनी कुठली आहे. व्हिसा फ्री झोनचा असेल तर तक्रार आधी झोनच्या ऑथॉरिटीकडं करायची. साईट झोनमध्ये असली तरी बांधकामवाल्यांची कंपनी बहुतेक वेळा बाहेरची असते, मग मंत्रालयच.

आणि कंपन्यांकडं, सरकारांकडं मागणी काय? फार मोठी नाही. दीड मिनिटाच्या जागी माणशी दहा मिनिटं मिळतील एवढे डॉक्टर कॅम्पात ठेवा. तपासताना कॅम्प बॉसला बाहेर उभं करा. दिवसा दवाखान्यात गेलेल्याची ॲबसेंट मारू नका. आणि गेटवरच्या बोर्डावर खरा आकडा लिहा, मग तो शून्य नसला तरी चालेल. ज्या साईटवर दोन हजार माणसं उन्हात लोखंड उचलतात आणि वर्षभर एकालाही लागत नाही, तिथं एकतर देव राहतो किंवा कुणीतरी खोटं लिहितं.

हे वाचून झालं की फॉरवर्ड करायच्या आधी एक करा. तुमच्या रूममध्ये ज्याला वाचता येत नाही, त्याच्या बंकवर बसून त्याला शेवटचे पाच मुद्दे मोठ्यानं वाचून दाखवा. दोनदा दाखवा. आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या: 'साईटपे काम करते वक्त लगा.'